मरळीचा मुलूख

टेक्सासात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने गेल्या उन्हाळ्यात घरी येताना मजसाठी जी भेट आणली, ती पाहून घरच्या मंडळींची करमणूक झाली आणि माझी मात्र पंचाईत झाली. एक दुमडती काठी, तिला जोडावयाचे गरगर फिरणारे रीळ आणि एका पुठ्ठ्याच्या डबीत हिरव्या रबराचे तीन बेडूक, ज्यांच्या पोटाशी दुहेरी गळ अशा चतुराईने दडवलेले की झुडपांतून ओढले तरी ते कशात अडकू नयेत. भाचा ज्या देशात राहतो तेथे तळ्यावर जाऊन ‘बास’ नावाचा मासा धरणे हा लक्षावधी लोकांचा छंद आहे. १९३२ साली जॉर्जिया संस्थानात कोणी एकाने धरलेल्या सव्वाबावीस पौंडी बासचा उच्चांक पुढे ७७ वर्षे अबाधित राहिला आणि २००९ साली त्याची बरोबरी झाली ती अमेरिकेत नव्हे, तर जपानच्या बिवा सरोवरात, असे तो मला घरचे लग्नकार्य सांगावे इतक्या आपुलकीने सांगत होता. शेवटी म्हणाला, “मामा, तुमच्याकडे बास नाही, पण मरळ आहे. दोघांचा स्वभाव एकच. झुडपाखाली दबा धरतात आणि बेडूक दिसला की राहवत नाही.”

मरळ शोधायला कोठे जावे हा प्रश्न माझे स्नेही रावसाहेब यांनी सोडवला. महसूल खात्यातील त्यांची अर्धी नोकरी धाराशिव जिल्ह्यात गेलेली. तेथल्या प्रत्येक पाझर तलावाची जमीन कोणत्या गटातून संपादित झाली हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. ज्या जिल्ह्याचे नाव घेताच लोकांना टँकर, छावण्या आणि आणेवारी आठवते तेथे मासे धरायला निघालो, असे सांगितल्यावर शेजारपाजारच्यांनी जे हसू दाबले ते मी मनावर घेतले नाही. कारण मीही मनातून थोडा हसतच होतो.

आश्विनात परतीचा पाऊस मनसोक्त झाला होता आणि कार्तिकातल्या एका पहाटे आम्ही बार्शीकडून परंड्यात शिरलो. या जिल्ह्याची रचना एकदा ध्यानात घेतली म्हणजे पुढला प्रवास सुलभ होतो. मधोमध बालाघाटाचे पठार एखाद्या घराच्या आढ्यासारखे पसरले आहे. त्याच्या पश्चिमेच्या व दक्षिणेच्या उतारावर पडलेला थेंब सीना आणि बोरी यांच्या वाटेने भीमेस व पुढे कृष्णेस मिळतो. पूर्वेकडचा थेंब तेरणा व मांजरा यांच्यामार्गे गोदावरीत जातो. दोन्हींचा शेवट बंगालच्या उपसागरातच. पाऊस सरासरीने सुमारे ७०० मिलिमीटर, तोही लहरी; त्यामुळे नद्या पावसाळ्यात नद्या असतात आणि वैशाखात वाळूच्या वाटा होतात.

परंड्याचा बहमनी अमलातला भुईकोट पाहून आम्ही पुढे निघणार, तोच रावसाहेबांनी तटावर उभे राहून तोफेची गोष्ट काढली. १५४९ साली अहमदनगरात ओतलेली ‘मुलूख मैदान’ ही अजस्र तोफ काही काळ या किल्ल्यावर होती आणि १६३२ साली ती विजापुरास नेण्यात आली, हे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. परंतु तिची जोडीदारीण ‘कडक बिजली’ वाटेत भीमा उतरताना पाण्यात बुडाली आणि आजही तेथेच आहे, असे लोक सांगतात. नदीच्या तळाशी पडलेली तोफ आणि तिच्या नळीत घर करून राहिलेली एखादी वाम ही कल्पना माझ्या डोक्यातून दिवसभर गेली नाही.

सीना-कोळेगावच्या जलाशयावर पोहोचलो तेव्हा सकाळ अजून कोवळीच होती. कल्याणस्वामींचे डोमगाव येथून जवळच. समर्थांच्या या शिष्योत्तमाने सीनेच्या काठी मठ केला तेव्हा ज्या नदीत तो स्नान करीत असेल ती नदी आता धरणाच्या फुगवट्यात एखाद्या लहान समुद्रासारखी दिसते. धुक्यातून दोन आकृत्या पाण्यावर बसून पुढे सरकताना दिसल्या. जवळ आल्यावर कळले की त्या थर्माकोलच्या पट्ट्या बांधून केलेल्या तराफ्यांवर बसल्या आहेत. हाताला चपट्या फळ्या बांधून त्याच वल्ह्यासारख्या चालवायच्या, रात्री पसरलेले जाळे पहाटे ओळीने उचलायचे आणि काठावर आणून मासे सोडवत बसायचे, असा येथल्या भोई बांधवांचा नित्यक्रम. पूर्वी ज्यांच्या खांद्यावर पालख्या आणि मेणे असत व उरल्या वेळी ज्यांच्या हाती जाळे असे, त्यांच्याकडे आता फक्त जाळे उरले आहे. त्याचीही रीतसर व्यवस्था आहे. तलाव मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला ठेक्याने दिला जातो, संस्थेने त्यात बीज सोडायचे आणि सभासदांनी मासे धरायचे. रावसाहेब या व्यवस्थेला अजून ‘मक्ता’च म्हणतात.

जाळ्यातून निघालेल्या माशांची नावे मी विचारू लागलो आणि माझ्या प्रवासातला पहिला अचंबा येथे पदरी पडला. रोहू, कटला, मृगळ ही मूळची गंगेच्या खोऱ्यातली मंडळी. नदीला पूर आल्याखेरीज ती अंडी घालत नाहीत, म्हणून साचलेल्या पाण्यात त्यांची वंशवृद्धी आपोआप होत नाही. बंगालच्या नद्यांतून गोळा केलेले बीज दूरदूर पाठवले जाई तो काळ फार जुना नाही. १९५७ सालच्या जुलैच्या १० तारखेस ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने माशाच्या मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले आणि तेव्हापासून देशातल्या कोणत्याही तळ्याला बीज मिळू लागले. त्या बीजाच्या वाढीच्या पायऱ्यांना आपल्या भाषेत मत्स्यजिरे, मत्स्यबीज आणि बोटुकली अशी नावे आहेत. बोटाएवढे झाले की बोटुकली, हा शब्द ज्याने प्रथम योजला त्याला भाषेची जाण होती. बालाघाटाचे पाणी बंगालच्या उपसागराकडे निघाले आहे आणि बंगालचा मासा डब्यात बसून बालाघाटाकडे आला आहे!

उरलेल्यांत चिलापीची रास मोठी. ही आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आली आणि कोणाच्याही मदतीविना इतकी फोफावली की आता तिला हाकलावे म्हटले तरी जाईना. भाच्याच्या बासचेही जपानात तसेच झाले. १९२५ साली हौसेने आशी सरोवरात सोडलेला हा पाहुणा पुढे तेथल्या लहान माशांवर असा उठला की त्याला बाळगण्यावरही कायद्याने बंदी घालावी लागली. चिलापी सोडवीत बसलेल्या एका वयस्क भोई मामांना मी माझी काठी दाखवली आणि तिकडचे लोक मासा धरतात, त्याचे वजन करतात, त्याच्यासह छबी काढून घेतात व त्याला पुन्हा पाण्यात सोडतात, असे सांगितले. त्यांनी हातातले काम थांबवले.

“सोडून देतेत?”

“हो.”

“मग धरतेत कामून?”

या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही आणि टेक्सासला पत्र पाठवून विचारले असते तरी मिळाले असते, असे वाटत नाही.

सीना सोडून आम्ही घाट चढलो आणि भूम तालुक्यात शिरलो. हा खव्याचा प्रदेश. वाटेवर चुलाणांवरच्या कढयांतून दूध आटत असते आणि दोन मैल आधीपासून त्याचा वास येतो. कुंथलगिरीचा पेढा ज्याने खाल्ला आहे त्याला अधिक सांगावयास नको. ज्याने खाल्ला नाही त्याला सांगून उपयोग नाही. परंतु ही टेकडी जैनांचे सिद्धक्षेत्र आहे, आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली येथे सल्लेखना व्रत घेऊन देह ठेवला, आणि जेथे मुंगीलाही जपून पाऊल टाकायचे तेथे आपण गळ घेऊन आलो आहोत याची जाणीव पायऱ्यांशी उतरताना मला एकाएकी झाली. मी काठ्या गाडीत सतरंजीखाली झाकल्या. रावसाहेब म्हणाले, “झाकून काय होतं? बेडूक तर रबराचाच आहे.” त्यांच्या या निर्वाळ्याने माझे समाधान झाले नाही, पेढ्याने थोडे झाले.

येरमाळ्याच्या बाजूने तेरखेड्यापाशी आलो. फटाक्यांच्या कारखान्यांमुळे दिवाळीत ज्या गावाचे नाव दूरवर ऐकू येते, त्याच परिसरात तेरणेचा उगम आहे, हे गावाच्या नावातच लिहिलेले आहे. तेथून आडवाटेने रावसाहेबांनी मला त्यांच्या आवडत्या एका पाझर तलावावर नेले आणि या जिल्ह्याने मला जे दाखवायचे होते ते तेथे दाखवले.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या आणि दुपारी सुकडी खाऊन पुन्हा कामाला लागणाऱ्या हातांनी मराठवाड्यात ठिकठिकाणी बांध घातले; नंतर रोजगार हमीने त्यांत भर घातली. हेतू एवढाच की पाणी जिरावे आणि खालच्या विहिरींना पाझर फुटावा. मासे त्या आराखड्यात कोठेच नव्हते. परंतु बांध झाला की पाणी साठते, पाणी साठले की पहिल्या मृगाच्या लोंढ्यातून चढणीचे मासे ओढ्याने वर येतात, आणि मासे आले की कोणी तरी गळ घेऊन येतोच. ज्या अवर्षणाने माणसांना गावे सोडायला लावली त्याच अवर्षणाने त्यांच्या नातवंडांना तळी दिली. त्या तळ्याच्या काठावर बेशरमीची दाट झाडी माजली होती आणि जांभळ्या फुलांच्या त्या झुडपांखाली पाणी काळेभोर व निश्चल होते. एक म्हातारबाबा मोराच्या पिसाचा देठ तरंगता म्हणून बांधलेला गळ टाकून बसले होते. शेजारी ओल्या गोणपाटात काही तरी हलत होते.

“आबा, मरळ का?”

“दोन हायेत. पण बोलू नका, तिसरी ऐकायलीय.”

गोणपाट उघडून त्यांनी दाखवली ती हातभर लांब, काळसर पाठीची, सापासारख्या डोक्याची मरळ पाण्याबाहेर दोन तास पडून होती आणि तरीही जिवंत होती. बहुतेक माशांना केवळ कल्ले असतात. मरळीला त्यांच्या वर हवा साठवणारी एक पोकळी असते आणि ती थोड्या थोड्या वेळाने पृष्ठावर येऊन हवेचा घोट घेते. याचा परिणाम असा की तिला पाण्याखाली अडकवून वर येऊ दिले नाही तर मासा असूनही ती गुदमरून मरते. उलट तळे आटू लागले, पाण्याचा चिखल झाला, चिखलालाही भेगा पडू लागल्या, तरी ओल शिल्लक असेतो ती चिखलात रुतून वाट पाहत राहते. २०१६ च्या एप्रिलात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या साली रोहू-कटल्यांचा मागमूस उरला नव्हता. पण तळ्याच्या खोल जागी चिखल उकरला तर मरळी सापडत होत्या, असे आबांनी सांगितले. पावसाळ्यात तिची पिले तांबूस रंगाच्या घोळक्याने पृष्ठाशी तरंगतात आणि आईबाप खालून पहारा करतात. त्या वेळी घोळक्याजवळ काहीही पडले तरी मरळ त्यावर झेप घेते, आणि म्हणूनच त्या दिवसांत तिला धरू नये, असा आबांचा स्वतःपुरता दंडक होता. बासचा नरही आपल्या घरट्यावर असाच पहारा करतो, असे भाच्याने सांगितले होते. एकंदरीत त्याची तुलना अगदीच अनाठायी नव्हती.

मरळीला जिवंत विकतात आणि जिवंतपणाचाच भाव येतो. हैदराबादेकडे तिचा मान फार. तेलंगण राज्याने तर तिला राज्याचा मासा ठरवले आहे. मृग लागला की बथिनी गौड घराण्याचे लोक तेथे दमेकऱ्यांना मरळीच्या जिवंत पिलाच्या तोंडात पिवळे औषध घालून ते पिल्लू गिळायला देतात. निजामी अमलापासून मराठवाड्यातील माणसे त्यासाठी गाडीने जात आली आहेत. त्या औषधाने दमा जातो याला शास्त्राचा आधार नाही. आबा दोनदा जाऊन आले होते. गुण आला का, असे विचारल्यावर खोकत म्हणाले, “प्रवास लै झाक झाला बघा.”

मी रबरी बेडूक काढला. पहिल्या फेकीत तो बाभळीवर गेला आणि तेथेच राहिला, दुसऱ्या फेकीत दुसरा बेडूक रावसाहेबांच्या टोपीवर. तिसऱ्या खेपेस तो झुडपाच्या कडेला अलगद पडला, मी रीळ फिरवीत त्याला आणू लागलो आणि पाणी अकस्मात फुटावे तसा मोठा आवाज होऊन बेडूक नाहीसा झाला. काठी वाकली, दोरी झुडपात शिरली, आणि क्षणार्धात ओढ थांबली. दोरी बेशरमीच्या मुळाशी गुंतवून मरळ निघून गेली होती. आबांनी त्यांचा तरंगता शांतपणे वर ओढला. तिसरी त्यांच्या गळाला होती.

तेर येथे उशिरा पोहोचलो. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणापासून दहा दिवसांच्या वाटेवरचे ‘तगर’ म्हणून ज्याची नोंद आहे आणि जेथून कापड भडोच बंदराकडे जाई, ते हे नगर आज तेरणेच्या काठचे एक शांत खेडे आहे. गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेतले. पाण्यावर तरंगते अशी जुन्या देवळांची वीट येथे प्रसिद्ध आहे. हस्तिदंती मूर्तीसाठी आणि रोमन नाण्यांसाठी येणारे विद्वान वेगळे, मला मात्र या दुष्काळी मुलखातल्या विटेलाही पोहता येते याचेच अधिक कौतुक वाटले. वारकऱ्यांच्या गावात माशाची चौकशी आम्ही केली नाही. जिल्ह्याचे नाव जनावरांच्या बाजारात गाजते तेही उस्मानाबादी शेळीमुळे, माशामुळे नव्हे. तरी रात्री धोकीजवळ एका घरी येसूर घातलेला मरळीचा काळा रस्सा, ज्वारीची भाकरी आणि फोडलेला कांदा असे जे जेवण झाले, त्यावरून मला वाटते की शेळीने फार ऐटीत राहू नये.

दुसऱ्या दिवशी तेरणेच्या प्रवाहाबरोबर माकणीस गेलो. निम्न तेरणेच्या त्या विस्तीर्ण पाण्यावर गळ टाकण्याची इच्छा आम्हां दोघांनाही झाली नाही. १९९३ साली गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची खेडी दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. या धरणाच्या पाण्याचा भूकंपाशी संबंध आहे किंवा कसे यावर शास्त्रज्ञांनी बरीच चर्चा केली. एकमत झाले नाही. रावसाहेब त्या वेळी पंचनाम्याच्या कामावर होते. ते बांधावर बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, “चला.”

नळदुर्गाला संध्याकाळ झाली. येथली बोरी नदी किल्ल्यात शिरते असे म्हणणे अपुरे आहे. तिला किल्ल्यात घेतले आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ साली, किल्ला आणि पलीकडचे रणमंडळ यांना जोडणारे धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल काढला, जेथे बसले असता डोईवरून पाणी खाली कोसळत असते आणि आतील माणसाच्या अंगावर शिंतोडाही येत नाही. धरण भरले की नर आणि मादी असे दोन धबधबे सुटतात. आश्विनातल्या पावसामुळे ते त्या दिवशीही वाहत होते. १८५३ च्या तहाने हा प्रांत काही वर्षे इंग्रजांकडे आला तेव्हा ठगांवर कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर येथे अधिकारी होता. १८६० साली प्रांत निजामाकडे परत गेला, पुढे मीर उस्मान अलीखानाच्या नावाने जिल्हा उस्मानाबाद झाला आणि २०२३ साली पुन्हा धाराशिव. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय फौज सोलापूरच्या रस्त्याने आली तेव्हा पहिली चकमक याच किल्ल्यापाशी झाली, आणि बोरीवरचा पूल उडवला जाण्यापूर्वीच तिने तो ताब्यात घेतला. इतक्या अमलांखालून वाहिलेल्या पाण्यात दहाबारा वर्षांचा एक मुलगा खडकावर बसून वेताच्या काठीने मासे धरत होता. त्याच्या डब्यात बोटभर लांबीचे मासे होते, त्यांना तो एकत्रच ‘चिंगळ्या’ म्हणत होता.

माझ्याकडे तिसरा बेडूक उरला होता. पहिला बाभळीवर अजून असेल. “काका, ह्यो खरा हाय?” म्हणून त्याने तो हातात घेतला, पोट दाबून पाहिले, आणि मी रीळ जोडण्याच्या आत त्याने आपल्या काठीच्या दोरीला बांधूनही टाकला. धबधब्याच्या फेसापलीकडे, जेथे पाणी पुन्हा काळे होते, तेथे त्याने तो फेकला आणि माझ्यासारखे काही न करता केवळ मनगट हलवीत राहिला. बेडूक दोन उड्या पुढे आला. मग पाण्यात तोच ओळखीचा मोठा आवाज झाला, वेताची काठी कमानीसारखी वाकली आणि दोरी तुटून पोरगा मागल्या मागे खडकावर बसला.

तो उठला तो हसतच. बोरी येथून भीमेला जाते, असे मी रावसाहेबांना म्हणालो. “हो,” ते म्हणाले, “तेथे तोफ आहेच, आता बेडूकही जाईल.” पोरगा पाण्याकडे पाहत होता. “काका,” तो म्हणाला, “अजून एक हाय का?”